हलक्या धातूंचे पत्रे आणि त्यांची सूक्ष्मरचना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि टायटॅनियम यांच्या पत्र्यांवर काम करणाऱ्या, तसेच त्यांचा अभ्यास करणाऱ्या वाचकांकडून आलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळ्या कामांतून आलेले असले तरी त्यांची उत्तरे एकाच दिशेने जातात. पत्रा कोणत्या धातूचा आहे एवढेच माहीत असेल तर तो ताणताना, दाबताना किंवा वाकवताना कसा वागेल हे सांगता येत नाही. त्यासाठी त्याच्या आतील स्फटिककण केवढे आहेत, ते कोणत्या दिशांना वळून बसले आहेत आणि त्यांच्यात कोणते बारीक अवक्षेप, म्हणजे मूळ धातूतून वेगळे झालेले दुसऱ्या संयुगाचे सूक्ष्म कण, विखुरलेले आहेत, हे पाहावे लागते. या सगळ्याला मिळून सूक्ष्मरचना म्हणतात.

प्रश्न : आमच्या कारखान्यात एकाच जातीच्या ॲल्युमिनियमचे, एकाच जाडीचे दोन गठ्ठे आले. एका गठ्ठ्यातला पत्रा काटकोनात सहज वाकतो, दुसऱ्यातला बेंडवर तडकतो. रासायनिक पृथक्करण दोन्हींचे सारखेच आले. मग फरक कशात आहे?

फरक बहुधा टेम्परमध्ये, म्हणजे पत्र्यावर शेवटी झालेल्या लाटणाच्या आणि तापवण्याच्या प्रक्रियेत आहे. तो किती मोठा असू शकतो हे जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम म्हणून सर्रास वापरल्या जाणाऱ्या ११०० या जातीवरून कळते. पूर्ण मऊ केलेल्या, म्हणजे ‘ओ’ टेम्परच्या पत्र्यात सुमारे ३४ मेगापास्कल ताणाला कायमची विकृती, म्हणजे ताण काढल्यावरही राहणारा आकारबदल, सुरू होते आणि तुटण्यापूर्वी तो मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लांबतो. हाच धातू थंड अवस्थेत जोरकस लाटून ‘एच१८’ टेम्परला आणला की विकृती सुरू होण्याचा ताण सुमारे १५० मेगापास्कलवर जातो, आणि लांबण्याची क्षमता पाच टक्क्यांच्या आसपास उरते. रसायनशाळेच्या अहवालात या दोन पत्र्यांमध्ये काहीही फरक दिसणार नाही.

याचे कारण स्फटिकांतील दोषांमध्ये आहे. अणूंची रचना पूर्ण निर्दोष असती तर अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला गिगापास्कलच्या घरातील ताण लागला असता. प्रत्यक्षात मऊ ॲल्युमिनियम त्याच्या अगदी लहान अंशाला शरण जाते. ही तफावत १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे उलगडली. अख्खा थर एकदम सरकत नाही. स्फटिकात रेषेसारखे दोष असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. अशी रेषा पुढे सरकत जाते आणि तिच्यामागे थर एक-एक पायरी सरकलेला राहतो. चांगल्या मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये या रेषांची एकूण लांबी दहा ते हजार किलोमीटर असते. थंड लाटणाने ती लाखो किलोमीटरपर्यंत वाढते. रेषा एकमेकींत अडकतात, नव्या रेषांना वाट मिळत नाही, म्हणून धातू कठीण होतो; आणि आणखी कठीण होण्याची त्याची क्षमता लाटणातच खर्च झालेली असल्याने बेंडवर विकृती एका जागी गोळा होऊन तडा जातो.

तडकणारा पत्रा फेकून देण्याची गरज नाही. या जातीचा पत्रा ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की विकृत कणांच्या जागी नवे, जवळजवळ दोषमुक्त कण उगवतात. याला पुनःस्फटिकीभवन म्हणतात, आणि अनीलिंग म्हणून कारखान्यात जे केले जाते त्याचा गाभा हाच आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. फार वेळ किंवा फार तापवल्यास कण अवास्तव वाढतात, त्याचा परिणाम पुढील एका उत्तरात येईल. शिवाय उष्णतोपचाराने बळकट केलेल्या जातींना, म्हणजे २०००, ६००० आणि ७००० या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूंच्या मालिकांना, हा उपाय असाच लावता येत नाही. त्यांचे बळ वेगळ्या ठिकाणी साठवलेले असते.

प्रश्न : मोटारीच्या बाहेरील भागांचा ॲल्युमिनियमचा पत्रा रंगाच्या भट्टीतून बाहेर आल्यावर अधिक मजबूत होतो असे वाचले. तापवल्याने धातू मऊ व्हायला हवा. मग हे उलटे कसे?

वरच्या उत्तरातील ‘वेगळे ठिकाण’ ते हेच. ६००० मालिकेत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांचे प्रमाण प्रत्येकी साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असते. पत्रा ५०० अंशांच्या वर तापवला की हे अणू ॲल्युमिनियममध्ये विरघळतात, आणि लगेच थंड केल्यास त्यांना बाहेर पडायला वेळ मिळत नाही. अशा अवस्थेतला, ‘टी४’ टेम्परचा पत्रा बऱ्यापैकी मऊ असतो आणि प्रेसमध्ये चांगला आकार घेतो. पुढे रंग पक्का करण्यासाठी सुटा भाग सुमारे १८० अंशांना वीस ते तीस मिनिटे भट्टीत राहतो. तेवढ्या उष्णतेत अडकलेले अणू हलू लागतात आणि काही नॅनोमीटर जाडीचे, सुईसारखे अवक्षेप तयार करतात. डिसलोकेशनला त्यांना कापून किंवा वळसा घालून जावे लागते, त्यामुळे धातू अधिक ताण सहन करतो आणि दारावर किंवा बॉनेटवर पोचा सहजासहजी पडत नाही.

या घटनेचा शोध जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये लागला. तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घातलेले ॲल्युमिनियम तापवून झटकन थंड केले, तर ते नुसते ठेवून दिल्यानेही काही दिवसांत कठीण होते असे त्यांना दिसले. ड्युरॅल्युमिन हा मिश्रधातू यातून आला. कारण मात्र त्या काळच्या सूक्ष्मदर्शकांना दिसणारे नव्हते. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने अणूंचे ते अतिसूक्ष्म पुंज दाखवून दिले. एका धातूचे बळ कशात आहे हे दिसायला बत्तीस वर्षे लागावीत आणि दरम्यान त्या धातूची विमाने उडत राहावीत, हा मला धातुविज्ञानाच्या इतिहासातला फार बोलका भाग वाटतो.

प्रत्यक्ष कामासाठी याचा एक अर्थ असा, की टी४ पत्रा गोदामात निष्क्रिय पडून राहत नाही. साध्या तापमानालाही मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे छोटे पुंज जमत राहतात, पत्रा हळूहळू कठीण होतो, आणि याच पुंजांमुळे पुढे भट्टीत मिळणारी वाढ घटते. म्हणून पत्रा बनवणारे कारखाने झटपट थंड केल्यानंतर लगेच त्याला शंभर अंशांच्या आतबाहेर थोडी ऊब देतात; त्याने पुढच्या योग्य अवक्षेपांची बीजे आधीच रुजतात. दुसरा अर्थ असा, की भट्टीची उष्णता हाताबाहेर गेली तर अवक्षेप मोठे आणि विरळ होतात आणि कमावलेले बळ निघून जाते. वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा पत्र्यापेक्षा कमजोर राहतो त्याचेही कारण हेच आहे.

प्रश्न : कण जितके बारीक तितका पत्रा चांगला, असे सरसकट म्हणता येईल का?

बळाच्या बाबतीत म्हणता येईल, पण बळ हा पत्र्याचा एकच गुण आहे. कणसीमा डिसलोकेशनला अडवतात, म्हणून कण बारीक झाले की विकृती सुरू होण्याचा ताण वाढतो. ही वाढ कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते हे हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये पोलादावर दाखवले, आणि बहुतेक धातूंना ते लागू पडते. मात्र प्रत्येक धातूला मिळणारा लाभ सारखा नसतो. शुद्ध ॲल्युमिनियमचे कण ४० मायक्रोमीटरवरून १० मायक्रोमीटरवर आणले तर वाढ साधारण दहा मेगापास्कलच्या आसपास मिळते. मॅग्नेशियममध्ये त्याच बदलाने तीस-चाळीस मेगापास्कल मिळू शकतात. म्हणून मॅग्नेशियमच्या पत्र्यात कण बारीक ठेवण्यासाठी जेवढी खटपट करावी तेवढी थोडी, तर ॲल्युमिनियममध्ये बळ वाढवण्यासाठी अवक्षेप किंवा विरघळलेले अणू अधिक उपयोगी पडतात.

कण एका मायक्रोमीटरच्याही खाली न्यायचे तंत्र उपलब्ध आहे. पत्रा लाटायचा, त्याचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून पुन्हा लाटून एकजीव करायचे, आणि हे वारंवार करायचे. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत पुढे आली. बळ कित्येक पटींनी वाढते, पण पत्रा एकसारखा लांबण्याची क्षमता जवळजवळ संपते. कॉन्सिदेर यांनी १८८५ मध्ये मांडलेला निकष इथे कामी येतो : विकृतीबरोबर धातू कठीण होण्याचा वेग चालू ताणापेक्षा कमी झाला की पत्रा एका जागी आकुंचून बारीक होऊ लागतो. अतिसूक्ष्म कणांत डिसलोकेशन साठायला जागाच नसते, त्यामुळे कठीण होण्याचा वेग सुरुवातीलाच खाली येतो. ज्या पत्र्याला प्रेसमध्ये आकार घ्यायचा आहे त्याला असे बळ देणे चुकीचे ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कण फार मोठे असणेही तितकेच वाईट. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात १०० मायक्रोमीटरचे कण असतील तर जाडीत जेमतेम दहा कण बसतात. पृष्ठभागावरच्या कणांना एका बाजूने शेजारी नसतो. पत्रा ताणला की प्रत्येक कण आपापल्या दिशेने वर-खाली होतो आणि गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत बनतो. कारागीर याला ‘ऑरेंज पील’ म्हणतात. हा खडबडीतपणा कणाच्या आकाराच्या आणि विकृतीच्या प्रमाणात वाढतो आणि रंगाखाली लपत नाही. मोटारीच्या बाह्य भागांसाठी वीस ते चाळीस मायक्रोमीटरच्या आसपासचे कण सामान्यतः सोयीचे ठरतात.

प्रश्न : ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पत्र्याचा भाग दाबून काढला की पृष्ठभागावर ज्वाळांसारखे पट्टे उमटतात. डाय तपासली, तेल बदलले, तरी ते जात नाहीत. यामागे काय असावे?

डाय निर्दोष असावी. ५००० मालिकेत मॅग्नेशियमचे अणू अवक्षेप न बनवता ॲल्युमिनियममध्ये विरघळलेले राहतात आणि डिसलोकेशनभोवती गोळा होऊन त्यांना जखडून ठेवतात. पुरेसा ताण आला की एका पट्ट्यातले डिसलोकेशन एकदम सुटतात, तेवढा पट्टा ताणला जातो आणि शेजारचा भाग तसाच राहतो. ज्वाळांसारखे पट्टे विकृतीच्या सुरुवातीला उमटतात आणि मऊ केलेल्या, बारीक कणांच्या पत्र्यात ठळक असतात. प्रेसमध्ये घालण्यापूर्वी पत्रा रोलरमधून किंचित वाकवून-ताणून घेतला, अथवा कण थोडे मोठे ठेवले, तर ते बरेच कमी होतात. अर्थात कण मोठे करताना वर सांगितलेला खडबडीतपणा वाढणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागते.

पट्टे समांतर आणि अरुंद असतील, आणि पत्रा बराच ताणल्यावर दिसत असतील, तर ते दुसऱ्या जातीचे आहेत. पोर्तव्हँ आणि ल शातलिए यांनी १९२३ मध्ये वर्णन केलेल्या या घटनेत, चालत्या डिसलोकेशनला अणू पुन्हा गाठतात, पुन्हा जखडतात, पुन्हा ती सुटतात. ताणाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. यावर साध्या तापमानाला खात्रीचा इलाज नाही. पत्रा दोनशे अंशांच्या वर गरम करून दाबला तर ते नाहीसे होतात. म्हणूनच ५००० मालिका मोटारीच्या आतील भागांना आणि ६००० मालिका बाहेरील भागांना वापरण्याची प्रथा पडली आहे. आपला भाग नजरेत भरणारा असेल तर जातच बदलावी असा माझा सल्ला आहे.

प्रश्न : गोल चकतीपासून दंडगोल डबा ओढून काढला की काठ सपाट न येता चार ठिकाणी उंच येतो. चकती अगदी गोल आणि पंच मध्यावर असूनही असे का व्हावे?

चकती बाहेरून गोल असली तरी आतून सर्व दिशांना सारखी नसते. लाटताना असंख्य कण वळत-वळत काही ठरावीक दिशांना येतात. या सामूहिक कलाला स्फटिकीय पोत किंवा टेक्श्चर म्हणतात. थंड लाटलेल्या ॲल्युमिनियमचा पोत डब्याच्या काठावर लाटण्याच्या दिशेशी ४५ अंशांत चार उंचवटे आणतो. अनीलिंगनंतर उगवणाऱ्या नव्या कणांत घनाकृती रचनेच्या कडा पत्र्याच्या कडांना समांतर असण्याचा कल असतो, आणि तो पोत लाटण्याच्या दिशेला आणि तिच्या काटकोनात उंचवटे आणतो. पेयांच्या डब्यांचा पत्रा बनवणारे कारखाने या दोन पोतांना एकमेकांविरुद्ध लावतात : गरम लाटणानंतर पुरेसा घनपोत तयार होऊ द्यायचा आणि मग थंड लाटण एवढेच करायचे की दोन्ही कल एकमेकांना खोडून काढतील. त्यांच्या कामात उंचवटा म्हणजे कापून टाकावा लागणारा धातू, म्हणून तो टक्क्याच्या अंशांपर्यंत मोजला जातो.

बेंडची दिशाही याच विषयातली आहे. बेंडची रेषा लाटण्याच्या दिशेला समांतर असेल तर पत्रा लवकर तडकतो, कारण लांबट झालेले कण आणि तुटून रांगेत पसरलेली अशुद्धींची कणिका त्या रेषेलगत येतात. शक्य असेल तेथे बेंडची रेषा लाटण्याच्या दिशेला आडवी घ्यावी. आणि दोन काटकोनी बेंड असतील तर चकतीची मांडणी दोन्हींना ४५ अंशांत ठेवावी.

प्रश्न : मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षाही बरेच हलके आहे, मग त्याचे पत्रे इतके कमी का दिसतात?

मॅग्नेशियमची घनता दर घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७०, पोलादाची सुमारे ७.८५. नुसते हे आकडे पाहिले तर मॅग्नेशियमचा पत्रा सगळीकडे असायला हवा होता. अडचण त्याच्या स्फटिकाच्या आकारात आहे, आणि सूक्ष्मरचनेचे महत्त्व समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

ॲल्युमिनियमच्या घनाकृती स्फटिकात अणूंचे थर सरकण्याचे बारा मार्ग आहेत आणि ते सगळे सारखेच सोपे आहेत. मॅग्नेशियमचा स्फटिक षट्कोनी आहे. त्यात तळाच्या, म्हणजे बेसल, पातळीवर थर अत्यंत सहज सरकतात. इतर पातळ्यांवर साध्या तापमानाला सरकण्यासाठी त्याच्या कित्येक पट ताण लागतो. वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या कणांचा बनलेला पत्रा कुठेही फट न पडता हवा तसा विकृत व्हायचा असेल, तर प्रत्येक कणाकडे एकमेकांपासून स्वतंत्र असे पाच मार्ग असावे लागतात, आणि बेसल पातळी त्यांतले दोनच पुरवते.

लाटणाने ही अडचण आणखी वाढते. जवळजवळ सगळ्या कणांची बेसल पातळी पत्र्याच्या पृष्ठभागाला समांतर होते. असा पत्रा म्हणजे मेजावर सपाट ठेवलेली पत्त्यांची गड्डी : पाने आडवी सरकतील, पण गड्डी ओढून पातळ करायला सांगितले तर ते जमणार नाही. प्रेसमध्ये मात्र पत्र्याने जाडीत थोडे पातळ व्हावे अशीच अपेक्षा असते. ३ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असलेला एझेड३१ हा सर्वांत परिचित मॅग्नेशियम पत्रा साध्या तापमानाला तीव्र बेंड सहन करत नाही, त्याचे हे कारण आहे. दोनशे ते अडीचशे अंशांना इतर पातळ्याही मोकळ्या होतात आणि तोच पत्रा खोल आकार घेतो. पण तापवलेली डाय, तापमान सहन करणारे वंगण आणि वाढलेला वेळ यांची किंमत प्रत्येक सुट्या भागावर पडते.

मॅग्नेशियमकडे विकृतीची आणखी एक वाट आहे, ती म्हणजे जुळे स्फटिक किंवा ट्विनिंग. यात कणाचा एक भाग एकाएकी सुमारे ८६ अंशांनी वळून नव्या दिशेत बसतो. ही वाट एकेरी आहे : षट्कोनी स्फटिकाचा उभा अक्ष लांबवायचा असेल तेव्हाच ती उघडते. लाटलेल्या पत्र्यात हे अक्ष जाडीच्या दिशेला उभे असतात. पत्रा त्याच्या पातळीत दाबला की जाडी वाढू पाहते, अक्ष लांबू पाहतात आणि ट्विनिंग सुरू होते. तोच पत्रा ताणला तर ती वाट बंद राहते. परिणामी दाबाखाली हा पत्रा ताणाखालच्या जवळजवळ निम्म्या जोराला शरण जाऊ शकतो. पोलादाच्या सवयीने बेंडचे गणित मांडणाऱ्याला इथे ठेच लागते, कारण बेंडची आतली बाजू लवकर दबते, तटस्थ थर, म्हणजे ना ताणला जाणारा ना दबणारा मधला थर, बाहेरच्या बाजूकडे सरकतो आणि उलगड्याची, म्हणजे बेंडपूर्वीच्या सपाट पत्र्याची, लांबी ठरल्याप्रमाणे येत नाही.

गेल्या दोन-तीन दशकांतले सर्वांत आशादायक काम हा पोत मोडण्याचे आहे. सिरियमसारखी विरळ मृदा मूलद्रव्ये किंवा कॅल्शियम अगदी थोड्या प्रमाणात घातली की पुनःस्फटिकीभवनात उगवणारे कण बेसल पातळी पृष्ठभागाला समांतर ठेवत नाहीत; त्यांचे अक्ष तिरपे होतात, पसरतात, आणि साध्या तापमानाला पत्रा लक्षणीय अधिक ताणता येतो. बदल्यात यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमची विकृती सुरू होण्याचा ताण, काहीसा उतरतो, कारण तिरप्या झालेल्या कणांत सोपी वाट आता ताणासाठी खुली असते. हा सौदा मला रास्त वाटतो. बळ नंतर अवक्षेपांनी किंवा बारीक कणांनी भरून काढता येते. आकारच घेता न येणाऱ्या पत्र्याचे बळ कोणाच्या उपयोगी पडत नाही. गंज आणि तो रोखण्याचा खर्च हाही मॅग्नेशियमच्या वाटेतला अडथळा आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

प्रश्न : उष्णतोपचार करून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा ताठरपणा वाढवता येईल का?

नाही. ताठरपणा अणूंमधील बंधांवर अवलंबून असतो आणि सूक्ष्मरचनेने तो जवळजवळ बदलत नाही. ॲल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक मऊ अवस्थेत आणि अतिकठीण अवस्थेतही ७० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. पोलादाचा २१०, टायटॅनियमचा ११०, मॅग्नेशियमचा ४५. ताठरपणा हवा असेल तर जाडी वाढवावी, कारण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. पोलादाच्या पत्र्याइतकाच विरोध करणारा ॲल्युमिनियमचा पत्रा १.४४ पट जाड असावा लागतो आणि तरीही त्याचे वजन निम्मे भरते.

प्रेस सोडल्यावर भाग परत उलगडतो तो स्प्रिंगबॅक मात्र सूक्ष्मरचनेने बदलतो, कारण तो यील्ड स्ट्रेंग्थला गुणांकाने भागून येणाऱ्या गुणोत्तराबरोबर वाढतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूंमध्ये बळ मोठे आणि गुणांक पोलादाच्या निम्मा, म्हणून त्यांचे पत्रे थंड अवस्थेत हट्टाने परत फिरतात. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमच्या पत्र्याचे कण दहा मायक्रोमीटरहून लहान असतील, तर ९०० अंशांच्या आसपास तो वायूच्या दाबाने सावकाश फुगवून कित्येक शे टक्के ताणता येतो. त्या तापमानाला असलेल्या दोन प्रावस्था, म्हणजे वेगवेगळ्या स्फटिकरचनेचे दोन घटक, एकमेकींचे कण वाढू देत नाहीत, म्हणून हे साधते.

प्रश्न : भंगारापासून पुन्हा बनवलेल्या ॲल्युमिनियमचा पत्रा कमी दर्जाचा असतो का?

तसे असण्याची सक्ती नाही, पण लोहाकडे लक्ष द्यावे लागते. भंगार वितळवायला खाणीतून नवा धातू काढण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते, त्यामुळे हा मार्ग सोडून देणे परवडणारे नाही. भंगाराबरोबर लोखंडाचे स्क्रू, पट्ट्या, धूळ येते आणि घन ॲल्युमिनियममध्ये लोह जास्तीत जास्त ०.०५ टक्क्यांच्या आसपास विरघळते. उरलेले लोह ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनशी मिळून ठिसूळ कणिका बनवते. त्या पातळ पापुद्र्यांच्या आकाराच्या असतील तर पत्रा वाकवताना त्यांच्या कडांशी पोकळ्या निर्माण होतात आणि त्या पोकळ्या जुळून तडा जातो. दाराच्या कडा दुमडताना हे सर्वांत आधी दिसते. मँगेनीज घालून आणि लाटण्यापूर्वी ओतीव ठोकळा बराच वेळ तापवून या पापुद्र्यांना गुबगुबीत, कमी घातक आकारात आणता येते.

लोहाच्या कणिकांची एक चांगली बाजू फारशी सांगितली जात नाही. एका मायक्रोमीटरहून मोठ्या कणिकेभोवती लाटणाच्या वेळी धातू फार विस्कटतो, आणि अनीलिंगमध्ये नवे कण तिथेच आधी उगवतात. त्यामुळे कण बारीक राहतात आणि पोत सौम्य होतो. म्हणजे लोह मोजून आणि सांभाळून वापरले तर दिशेनुसार बदलणारे वागणे कमी होते. भंगाराच्या पत्र्याबद्दल निर्णय घेताना लोहाची टक्केवारी पाहून थांबू नये. कणिकांचा आकार, त्यांची लांबी-रुंदी आणि त्या रांगेत आहेत की विखुरलेल्या, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही. साध्या साधनांनी पत्र्याची सूक्ष्मरचना आणि तिचा परिणाम अभ्यासता येईल का?

नक्कीच येईल. पत्र्याचा पृष्ठभाग, लाटण्याच्या दिशेने घेतलेला छेद आणि आडवा छेद असे तीन नमुने राळेत बसवून आरशासारखे चकचकीत करावेत. ॲल्युमिनियमचे कण साध्या प्रकाशात नीट दिसत नाहीत. सौम्य फ्ल्युओबोरिक आम्लात नमुन्याचे ॲनोडायझिंग करून ध्रुवित प्रकाशात पाहिल्यास प्रत्येक कण आपल्या दिशेप्रमाणे वेगळ्या छटेत दिसतो. हे आम्ल घातक आहे, म्हणून हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, योग्य हातमोजे घालून आणि धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करावे.

त्यानंतर लाटण्याच्या दिशेत, तिच्याशी ४५ अंशांत आणि ९० अंशांत असे ताणचाचणीचे नमुने कापावेत. प्रत्येक नमुना दहा ते पंधरा टक्के ताणून, तो एका जागी बारीक होण्यापूर्वी यंत्र थांबवावे आणि लांबी व रुंदी पुन्हा मोजावी. जाडीतला बदल फार छोटा असल्याने तो थेट न मोजता आकारमान कायम राहते या नियमावरून काढावा. रुंदीतील खरी विकृती (नव्या आणि मूळ मापाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम) भागिले जाडीतील खरी विकृती म्हणजे लॅंकफोर्ड गुणांक, अर्थात आर-मूल्य. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांत ते बहुधा ०.६ ते ०.८ येते, म्हणजे पत्रा रुंदीपेक्षा जाडीत जास्त आकसतो. खोल ओढण्यासाठी बनवलेल्या मऊ पोलादात ते दीडच्या वर असते. शून्य आणि ९० अंशांच्या मूल्यांच्या बेरजेतून ४५ अंशांच्या मूल्याची दुप्पट वजा करून निम्मे करावे. उत्तर ऋण आले तर त्या पत्र्याच्या डब्याला ४५ अंशांत उंचवटे येतील, धन आले तर लाटण्याच्या दिशेला आणि तिच्या काटकोनात येतील. त्याच पत्र्याची एक चकती ओढून डबा काढला तर हे उत्तर त्याच दिवशी पडताळून पाहता येईल.